पत्र्याची न्यायदेवता

रविवारी दुपारचं जेवण ड्वेनकडे आहे असा निरोप आला, तेव्हाच रोझेलाने ओळखलं की आपल्याला जेवायला नाही, शिजवायला बोलावलंय.

कोवांडा घराण्यात कुणी कुणाला उगीच पानावर बसवत नसे. मागच्या वेळी ड्वेनने बोलावलं ते निवडणुकीच्या तोंडावर. जेवण झालं आणि संध्याकाळी त्याच्या नावाची पाटी तिच्या अंगणात रोवलेली होती. या खेपेला पाटी तिच्याच डोक्यात रोवायची होती, एवढाच फरक.

सोमवारी सकाळी लिंडेलच्या कोर्टाचा निकाल लागायचा होता. कोर्टात निकाल लागतात ते निराळे; हा कोर्टाचाच निकाल. सव्वाशे वर्षांना टेकलेली ती इमारत पाडून हायवेला लागून नवी बांधायची, की आहे तिलाच ठिगळं लावायची, हे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बोर्डाचे तीन मेंबर ठरवणार होते. एक मेंबर ‘पाडा’ म्हणून अडून बसलेला, दुसऱ्या बाई ‘राखा’ म्हणून. उरला तिसरा, बोर्डाचा चेअरमन, म्हणजे रोझेलाच्या पाठचा भाऊ ड्वेन. त्याचा कल पाडण्याकडे आहे हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. कारण धाकटा भाऊ मायलो पत्र्याच्या शेड बांधायचा. आजवर डुकरांसाठी बांधल्या, ट्रॅक्टरांसाठी बांधल्या, आता न्यायासाठी बांधायला निघाला होता. आणि ड्वेनची बायको डार्लीन होती काउंटीच्या इतिहास मंडळाची अध्यक्ष, इमारत वाचवणाऱ्यांची सेनापती. एकाच पलंगावर दोन सैन्यांचे तळ पडले होते आणि दोघांनाही रोझेला हवी होती. चौतीस वर्षं तिने त्या कोर्टात कारकुनी केलेली. गावाचं तिच्यावर प्रेम होतं असं कुणी म्हणालं नसतं, पण तिच्या शब्दाला वजन होतं.

“वन्सं, आणखी एक गोळा घ्या ना,” डार्लीन म्हणाली. भाजलेलं डुकराचं मांस, आंबट कोबी आणि पिठाचे उकडलेले गोळे, असा सणासुदीचा बेत होता. “खास तुमच्यासाठी केलेत.”

“माझ्यासाठी? मग मायलोच्या ताटात पाच कसे गेले?”

“मी कष्टाचं काम करतो, ताई,” मायलो भरल्या तोंडाने म्हणाला.

“हो, परवा बघितले तुझे कष्ट. गाडीत बसून लोकांना बोटं दाखवत होतास.”

ड्वेनने घसा साफ केला. चेअरमन झाल्यापासून त्याला ही खोड लागली होती. आता तो मीठ मागायच्या आधीही घसा साफ करायचा.

“ताई, उद्या तू बोलायचंस. थोडंच. तुझ्या पडण्याबद्दल.”

“त्यात बोलायचं काय? मी वर होते, मग खाली आले.”

“अगं, तोच लोखंडी जिना! झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या! आख्खी हयात तिथे घालवलेली बाई त्या जिन्यावरून पडून कमरेचं हाड मोडून घेते. लोकांच्या काळजाला भिडेल.”

“जिन्याने मला पाडलं नाही. मी मागे वळून शेरीफला शिव्या घालत उतरत होते. तू शेरीफला पाडायचा ठराव आण, मी दोन्ही हात वर करते.”

“मी तेच सांगत होते यांना,” डार्लीनने संधी साधली. “जिन्याचा काय दोष? वन्सं, तुम्ही उद्या व्हेंसिल पणजोबांबद्दल बोला. त्यांनी स्वतःच्या हातांनी...”

“हात तर त्यांचे लांब होतेच,” रोझेला म्हणाली.

व्हेंसिल कोवांडाची गोष्ट लिंडेलमध्ये पोरांना दुधाबरोबर पाजली जायची. युरोपातल्या मोरावियातून आलेला गरीब गवंडी. त्याने म्हणे स्वतः नकाशा काढला, स्वतः दगड फोडला आणि ओसाड माळावर न्यायाचं मंदिर उभं केलं. दर चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ड्वेन मिरवणुकीच्या ट्रकवर उभा राहून ही गोष्ट सांगायचा, आणि दर वर्षी पणजोबा आणखी वीतभर उंच व्हायचे.

खरी गोष्ट अशी, की काउंटीचं ठाणं, म्हणजे मुख्य कचेरी, मुळात पेटन नावाच्या दुसऱ्या गावाला होतं. लिंडेलच्या मातब्बरांना ते आपल्याकडे हवं होतं, कारण ठाणं जिथे तिथे रेल्वे, आणि रेल्वे जिथे तिथे जमिनीला भाव. मतदान झालं. लिंडेलमध्ये माणसं होती त्याच्या दुप्पट मतं पडली. दफनभूमीतली मंडळीही गावाच्या मायेने उठून आली असावीत. पेटनवाले तरीही दप्तर सोडेनात. तेव्हा एका रविवारी, आख्खं पेटन चर्चमध्ये गुडघे टेकून बसलेलं असताना, व्हेंसिलने आपल्या गाड्या नेल्या आणि तिजोरीसकट सगळं दप्तर उचलून लिंडेलला आणून टाकलं. त्या पुण्याईचं फळ म्हणून नव्या कोर्टाचं कंत्राट त्याला मिळालं. नकाशा ओमाहा शहरातल्या एका नकाशेवाल्याचा होता, आणि त्याने तोच आणखीही काही काउंट्यांना विकला होता.

त्या इमारतीत व्हेंसिलचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ती लबाडी. तळमजला चुनखडीच्या खऱ्या दगडाचा, कारण तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांचा हात लागतो. वरचे भव्य खांब मात्र पाइनच्या लाकडाचे. ओल्या रंगावर वाळू उडवून दगडासारखे खरखरीत केलेले. छपराखालची सगळी नक्षी दाबीव पत्र्याची, कॅटलॉगमधून मागवलेली. आणि मनोऱ्याच्या टोकावर न्यायदेवता, तीही पत्र्याचीच, आतून पोकळ. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात. इथे आख्खी सोनुबाईच पत्र्याची होती. एका वर्षी गारांच्या माऱ्यात तिची तलवार गेली. तेव्हापासून ती रिकामी मूठ उंच करून उभी होती, जशी काही हायवेवर कुणाची तरी गाडी थांबवतेय. मनोऱ्याच्या चार बाजूंना चार घड्याळं, चार वेगळ्या वेळा दाखवणारी. त्यामुळे लिंडेलमध्ये उशिरा येणारा माणूसही कुठल्या ना कुठल्या बाजूने वेळेवरच पोचायचा.

त्याच गारांनी एका खांबाचा पापुद्रा उडवला होता आणि आतलं लाकूड बाहेर आलं होतं. ड्वेनने दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानं उघडायच्या आत, रंगारी आणून ते झाकलं. घराण्याची अब्रू एका डब्यात भागली.

“कोबी खारट झालाय,” टेबलाच्या टोकाकडून आई म्हणाली.

अल्बिना अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. कानाने अधू झाली होती, पण जीभ शाबूत होती. ती मायलोकडे राहायची. रोझेलाशी तिचं बोलणं चाळीस वर्षं हवामानाच्या पुढे सरकलं नव्हतं. पाऊस पडला, बर्फ वितळलं, मका बरा आलाय. आजही ती लेकीच्या समोरच बसली होती, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत जेवत होत्या.

“उद्या मी बोलेन,” रोझेला खसखशीचं सारण भरलेला गोड पाव उचलत म्हणाली. “काय बोलेन ते उद्याच कळेल.”

ड्वेन हसला. डार्लीनही हसली. दोघांनाही वाटलं, मासा आपल्याच गळाला लागला.

भांडी आवरताना डार्लीन हळूच जवळ आली. “वन्सं, ते तुम्हाला घाबरतात. तुम्ही नुसतं ‘राख’ म्हणालात तरी राखतील.”

“ड्वेन मला घाबरत नाही, डार्लीन. तो आईला घाबरतो. मला तोंड दाखवायची त्याला लाज वाटते.”

“लाज? कसली?”

“तीस-पस्तीस वर्षं त्याच्याबरोबर नांदतेस. त्यालाच विचार की.”

डार्लीनने नळ सोडला आणि ताटं विसळायला घेतली. तिला पणजोबांच्या काळातला इतिहास चालायचा. त्याहून ताजा झेपायचा नाही.

बाहेर गाडीपाशी मायलो टपून उभा होता. “ताई, दादा डळमळतोय. वहिनी त्याच्याशी बोलत नाही आठवडाभर. तू जिन्याचं नीट रडून सांग. तुझी कंबर म्हणजे आपला हुकमाचा एक्का.”

“माझ्या कमरेवर तुझं कंत्राट उभं करतोस होय रे?”

“कंत्राट मलाच मिळेल असं कुठे आहे? टेंडर निघेल रीतसर.”

“निघेल ना. आणि उघडेल कोण? चेअरमन. आणि चेअरमन कोण?” तिने गाडीचं दार ओढलं. “व्हेंसिल मेला असं कोण म्हणतं!”

सुनावणी कोर्टाच्याच वरच्या मजल्यावर, मोठ्या दालनात होती. ज्याचा जीव घ्यायचा त्याच्याच घरात बसून सल्लामसलत. पण एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा गावात नव्हती, शाळेच्या हॉलमध्ये कुस्त्यांचे सामने चालले होते. उंच खिडक्यांतून ऑक्टोबरचं पांढुरकं ऊन आत येत होतं. छताला दाबीव पत्र्याची फुलं, आणि फुलांवर गळतीचे तपकिरी डाग. न्यायाधीशांच्या उंच ओकच्या मेजामागे तीन मेंबर बसले होते. ड्वेन मधल्या खुर्चीत. ती खुर्ची इतकी खोल होती की पाठ टेकली तर त्याचे पाय अधांतरी लोंबायचे, म्हणून बिचारा पुढच्या कडेवर तोल सावरून बसला होता. अल्बिनाला मायलोने ज्यूरीच्या फिरत्या खुर्च्यांमधल्या पहिल्या खुर्चीत बसवलं होतं. मांडीवर पर्स घट्ट धरून ती समोर बघत होती.

बोलणाऱ्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन बसायचं होतं, कारण चालणारा माइक तेवढा एकच होता.

पहिला मायलो. त्याने मोठी रंगीत चित्रं उभी केली: सपाट इमारत, दारात चार झाडं, झाडांखाली हसणारी माणसं. लिंडेलमध्ये इतकी माणसं एका वेळी हसताना कुणी पाहिली नव्हती. “एकही जिना नाही. गाडी थेट दारात. छप्पर गळणार नाही याची लेखी हमी.”

“डुकरांनाही लेखीच देतोस का रे?” मागून कुणीतरी विचारलं, आणि दालन हसलं.

मग डार्लीन. तिने व्हेंसिलला मोरावियातून आणलं, बोटीतून उतरवलं, त्याच्या हातात छिन्नी दिली. ‘प्रत्येक दगडात त्यांचा घाम आहे’ म्हणताना तिने डोळे टिपले. ते टिपून होताच ड्वेनने घसा साफ केला.

“मिसेस... अं... रोझेला कोवांडा.”

रोझेला काठी टेकत गेली आणि पिंजऱ्यात बसली. तिने माइक दूर सारला.

“डार्लीन आत्ता दगडांतल्या घामाबद्दल बोलली,” ती म्हणाली. “दगड तळमजल्यावर आहेत. वरचे खांब लाकडाचे आहेत. ठोकून बघा, टकटक वाजतात. माझ्या पणजोबाने दगडाचं बिल लावलं आणि लाकूड बसवलं. नक्षी पत्र्याची. देवी पत्र्याची. नकाशा दुसऱ्याचा. आणि हे ठाणं या गावात आलं ते पेटनवाल्यांची प्रार्थना चालू असताना. माझा पणजोबा चोर होता. हुशार होता, पण चोर होता.”

दालनात कुजबुज पसरली. डार्लीनचा चेहरा पांढरा पडला. मायलोने तर चक्क टाळ्या वाजवल्या. “ऐकलंत? पत्रा! लाकूड! हा म्हणे ऐतिहासिक वारसा!”

“टाळ्या थांबव, मायलो. तू पत्रा विकतोस आणि पत्रा आहे असं सांगतोस, यापलीकडे तुझं काही मोठेपण नाही. आणि बसून घे, माझं संपलेलं नाही.”

मायलो बसला.

“हा जिना वाईट आहे. तळघरात वास येतो. मनोऱ्यात कबुतरांनी संसार थाटलेत. चौतीस वर्षं मी या इमारतीला शिव्या दिल्यात, आणि त्यातली एकही परत घेणार नाही. पण या दालनाबद्दल मला सांगायचंय.” तिने काठी मांडीवर आडवी घेतली. “एकोणसत्तर साली मी याच खुर्चीत बसले होते. तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या लोकांना आठवत असेल. तुम्हीही इथेच बसला होतात, बहुतेक सगळे त्या बाजूला.”

तिने बोट दाखवलं नाही, तरी त्या बाजूचे लोक खुर्च्यांत चुळबुळले.

ती बाजू तिच्या नवऱ्याची होती. लायल ब्रॅन्ट, गावच्या बेसबॉल टीमचा कप्तान, चर्चमध्ये सगळ्यात गोड गाणारा. घरी तो गात नसे. एका संध्याकाळी, आईवडिलांच्याच शेतावर, यंत्रांच्या शेडच्या चौकटीवर रोझेलाचं मनगट दाबून धरून त्याने त्यावर दार आदळलं आणि हाड मोडलं. ड्वेन तेव्हा सतरा वर्षांचा. दुधाची बादली घेऊन तो चार पावलांवर उभा होता. बादली कलंडली, दूध त्याच्या बुटांवर सांडलं, इतक्या जवळ. त्या काळी घटस्फोट मागायचा तर कारण लागायचं आणि कारणाला साक्षीदार लागायचा. रोझेलाने भावाचं नाव दिलं. तो या पिंजऱ्यात आला, बायबलवर हात ठेवला आणि म्हणाला, “मी काही पाहिलं नाही.” त्याच्या समोर, लायलच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर, आई बसली होती.

यातलं रोझेला आता काहीच बोलली नाही. तिने ते चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि जमलेल्या गर्दीची करमणूक करायला ती आली नव्हती.

“मी बोलायला लागले,” ती म्हणाली, “तसा माझा नवरा उठून उभा राहिला. घरी मी बोलायला लागले की तो असाच उठायचा. पुढचं काय ते मला पाठ होतं, म्हणून मी गप्प झाले. तेव्हा त्या मेजामागून जज्जसाहेब म्हणाले, ‘खाली बसा. बाई बोलतायत.’ आवाजही चढवला नाही. आणि तो बसला! एवढा मोठा लायल ब्रॅन्ट, शाळकरी पोरासारखा खाली बसला. माझं बोलून होईस्तोवर उठला नाही. डॉक्टरांनी माझ्या हाडाचा फोटो दाखवला, आणि मला हवा होता तो निकाल मला मिळाला.”

खिडकीबाहेर कुणाचा तरी ट्रक घरघरत गेला. तो जाईपर्यंत ती थांबली.

“या काउंटीत चर्च आहेत, शाळा आहे, दाणे साठवायच्या कोठ्या आहेत. आमचं शेत होतं, आईचं स्वयंपाकघर होतं. पण माझं बोलणं संपेपर्यंत पुरुषाला गप्प बसावं लागलं, अशी हीच एक जागा. माझ्यानंतर चौतीस वर्षांत किती बायका या जिन्याने थरथरत वर आल्या आणि मान ताठ करून खाली गेल्या ते मी बघितलंय. नव्या इमारतीतही हे होईल म्हणाल. होईल कदाचित. पण मायलोच्या चित्रात मी दोनदा शोधलं. गाड्या लावायला एवढी जागा आहे, आणि लोकांनी बसून ऐकावं असं दालन नाही. छोट्या छोट्या खोल्या आहेत. बंद दारामागे काय बोलतात बायका, आणि कोण ऐकतं, ते मला ठाऊक आहे. खांब खोटे आहेत, ते खुशाल पाडा. पणजोबाचा फोटो काढून टाका. ही खोली राखा. एवढंच.”

टाळ्या पडल्या नाहीत. हे बोलणं आपल्या बाजूचं मानावं की नाही, डार्लीनला कळेना. मायलो चित्रांच्या गुंडाळ्या करत होता, जरा जास्तच जोर लावून. ड्वेनने हातोडा आपटला, “दहा मिनिटं विश्रांती,” आणि त्या खोल खुर्चीतून घसरतच उतरला.

मागच्या बोळकांडीत त्याने तिला गाठलं. “ताई, चारचौघांत माझी अब्रू काढलीस.”

“तुझं नाव तरी घेतलं का मी?”

“नाव न घेता सगळे माझ्याकडेच बघत होते!”

“मग त्यांनाही ठाऊक असेल. लिंडेल आहे हे. इथे कुणी पाहिलं नाही म्हटलं, की गाव समजतं काय पाहिलं ते.”

ड्वेनच्या कपाळावर घाम आला होता. त्या कोटात तो अचानक कुणाचे तरी कपडे घालून आल्यासारखा दिसत होता. “आईने सांगितलं होतं मला. ती म्हणाली, लेक घरी परत आली तर गावात तोंड दाखवता येणार नाही. म्हणाली, तू काही पाहिलं नाहीस, समजलं?”

“ठाऊक आहे मला.”

“मग मी काय करू आता?”

रोझेलाने भावाकडे पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांचा, बोर्डाचा चेअरमन, आणि विचारतोय काय, तर मी काय करू. “मला काय विचारतोस? आई आत बसलीय. तिलाच विचार. एवढ्या वर्षांची सवय मोडू नकोस.”

तिने टोमणा मारला होता. पण ड्वेन खरोखरच वळला आणि आत गेला. रोझेलाला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. ती दारापर्यंत मागोमाग आली. ज्यूरीच्या खुर्च्यांपाशी ड्वेन वाकला होता, आईच्या कानाशी तोंड नेऊन. आईला ऐकू जावं म्हणून त्याला मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि जवळपासची दहाबारा माणसं खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग करत ऐकत होती.

“आई, काय करू? पाडू का?”

अल्बिनाने खुर्ची जराशी फिरवली आणि मुलाला खालून वर बघितलं. “मागच्या खेपेला माझं ऐकलंस,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “त्याचं काय झालं ते बघितलंस ना? आता मला नको विचारू.” आणि तिने खुर्ची परत होती तशी फिरवून घेतली.

मतं घ्यायची वेळ आली. ‘पाडा’वाल्याने पाडा म्हटलं, ‘राखा’वाल्या बाईंनी राखा म्हटलं. ड्वेनने घसा साफ केला. मग पाण्याचा घोट घेतला. मग परत घसा साफ केला. “इंजिनिअरच्या अहवालाप्रमाणे पाया मजबूत आहे,” तो समोरच्या कागदाला उद्देशून म्हणाला. “छपराचं काम टप्प्याटप्प्याने करता येण्यासारखं आहे. करदात्यांच्या हिताचा विचार करता... इमारत ठेवावी, असं माझं मत.”

पाया आणि करदाते! तो अहवाल गेले तीन महिने त्याच्या टेबलावर पडला होता, आणि तोवर पाया कुणाला मजबूत दिसला नव्हता. बरोबर वागायची पाळी आली तरी हा माणूस ते मागच्या दाराने करतो, रोझेलाच्या मनात आलं. तरीही त्याने केलं होतं. हे तिला मानावं लागलं, आणि मानावं लागल्याचा रागही आला.

“दादा!” मायलो ओरडला. “शब्द दिला होतास तू मला!”

“शब्द कशाचा? टेंडर निघणार होतं ना रीतसर?” हे ड्वेन बोलला नाही. हे बोलली डार्लीन, आणि आठवड्यात पहिल्यांदा जाऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. मायलोने चित्रांच्या गुंडाळ्या काखेत मारल्या आणि धाडधाड जिना उतरून गेला. खाली त्याच्या ट्रकचं दार इतक्या जोरात आपटलं की मनोऱ्यातली कबुतरं उडाली.

डार्लीनने रोझेलाचे दोन्ही हात धरले. “वन्सं, तुम्ही वाचवलंत! आता दर्शनी भागात पणजोबांची संगमरवरी पाटी लावू या. त्यांनी थोडी काटकसर केली असेल, पण...”

“लाव,” रोझेला म्हणाली. “संगमरवराची ऑर्डर मायलोला नको देऊस म्हणजे झालं.”

दालन रिकामं झालं. बाया कोट चढवत निघून गेल्या, पुरुष घोळक्याने कॉफी प्यायला गेले, उद्या ते सगळे पहिल्यापासून ‘राखा’च म्हणत होते असं ठरणार होतं. ज्यूरीच्या पहिल्या खुर्चीत अल्बिना तशीच बसून होती, पर्स मांडीवर धरून. तिला आणणारा मायलो रागाच्या भरात आईला विसरून गेला होता.

“चल,” रोझेला तिच्यापुढे उभी राहून म्हणाली. “मी सोडते.”

दोघी जिना उतरल्या, एक काठीच्या आधाराने, दुसरी कठड्याच्या. कुणी कुणाला हात दिला नाही. गाडीत बसल्यावर रोझेलाने किल्ली घातली आणि हवामानाचं काय बोलावं याचा विचार करू लागली. वारा सुटला होता. तो चालला असता.

“तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत येत होता,” अल्बिना म्हणाली.

“माइक लांब सारला होता मी,” रोझेला म्हणाली. “तुला ऐकू आलं? तुझं ते कानातलं यंत्र तर घरीच राहिलंय म्हणत होता मायलो.”

“आजचं नाही म्हणत मी.” म्हातारी काचेतून समोर बघत होती. “आज मला काही धड ऐकू आलं नाही. तेव्हाचं म्हणतेय. शब्द न् शब्द आला होता.”

रोझेलाचा हात किल्लीवर तसाच राहिला. या बाईला ऐकवायला तिने चाळीस वर्षं किती वाक्यं घासूनपुसून, धार लावून ठेवली होती. भांडी घासताना, बर्फ उपसताना, कोर्टाच्या टेबलाशी शिक्के मारताना. आता सगळी आठवून बघितली, आणि त्यातलं एकही कामाचं निघालं नाही.

“पट्टा लाव, आई,” ती म्हणाली. अल्बिनाच्या बोटांना ते बक्कल जमेना, तेव्हा रोझेलाने वाकून ते लावून दिलं आणि गाडी सुरू केली.